कांचनजंगा खिडकीत, भांडी मोरीत : 'द इनहेरिटन्स ऑफ लॉस'बद्दल

बसमध्ये असाल, लोकलच्या दारात उभे असाल किंवा रात्री कानात इयरफोन घालून भांडी घासत असाल, तर आजचा भाग खास तुमच्यासाठी आहे. त्यातही भांडी घासणाऱ्यांसाठी जरा जास्तच. का ते पुढे कळेल.

आज एका कादंबरीबद्दल बोलायचंय. किरण देसाई यांची 'द इनहेरिटन्स ऑफ लॉस'. २००६ साली हिला बुकर पारितोषिक मिळालं. किरण देसाई तेव्हा ३५ वर्षांच्या होत्या आणि बुकर मिळवणारी तोवरची सगळ्यात तरुण स्त्री ठरल्या. त्यांची आई अनिता देसाई. त्यांचं नाव बुकरच्या अंतिम यादीत तीन वेळा आलं होतं, पण बक्षीस काही मिळालं नव्हतं. ते मुलीने दुसऱ्याच कादंबरीला मिळवलं. पण आज बक्षिसाबद्दल बोलायचं नाहीये, पुस्तकाबद्दल बोलायचंय. आधीच सांगून ठेवतो, गोष्टीतल्या बऱ्याच गोष्टी फुटणार आहेत, अगदी शेवटसुद्धा. ज्यांना ते चालत नाही त्यांनी इथेच थांबा, पुस्तक वाचा आणि मग या. चहा गरम ठेवतो.

तर, गोष्ट कुठे घडते? अर्धी कालिम्पाँगमध्ये आणि अर्धी न्यूयॉर्कमध्ये. कालिम्पाँग म्हणजे उत्तर बंगालचा डोंगराळ भाग. दार्जिलिंगच्या पूर्वेला, तिस्ता नदीच्या पलीकडे, साधारण साडेबाराशे मीटर उंचीवरचं गाव. आपल्याकडची मंडळी टूर कंपनीबरोबर दार्जिलिंग-गंगटोक करतात, तेव्हा मधे एक रात्र किंवा एक दुपार इथे जाते. ऑर्किडची नर्सरी, मठ, मोमो, फोटो, पुढे चला. पण या गावाला मोठा इतिहास आहे. १८६५ पर्यंत हा भाग भूतानकडे होता, मग युद्धानंतर ब्रिटिशांकडे आला. तिबेटातून खेचरांवर लादून लोकर यायची ती जेलेप ला खिंडीतून इथेच उतरायची. १९६२ च्या चीन युद्धानंतर ती वाट बंद झाली आणि गावाचा व्यापारच आटला. म्हणजे कादंबरी सुरू होते तेव्हा हे गाव आधीच काहीतरी गमावून बसलेलं आहे.

साल १९८६, महिना फेब्रुवारी. धुक्यात एक जुनं घर आहे, 'चो ओयू' नावाचं. एका स्कॉटिश माणसाने हौसेने बांधलेलं, आता वाळवी लागलेलं. घरात चार जीव. निवृत्त न्यायाधीश जेमुभाई पटेल. त्यांची नात सई, वय सतरा, आईवडील अपघातात गेलेले. जजसाहेबांची लाडकी कुत्री मट. आणि स्वयंपाकी. लेखिका त्याला जवळजवळ सगळीकडे नुसतं 'कुक' म्हणते. त्या घरात त्याला नावाने हाक मारणारं कुणी नाही, म्हणून पुस्तकातही नाही. हे लक्षात ठेवा.

पहिल्याच प्रकरणात काही पोरं घरात घुसतात. विशी-बाविशीतली, थोडी घाबरलेलीच. त्यांना जजसाहेबांच्या शिकारीच्या बंदुका हव्यात. बंदुका घेतात, खायचं सामान घेतात आणि जाता जाता म्हाताऱ्या जजला चहाचं टेबल मांडायला लावतात. ज्या माणसाने आयुष्यात कधी स्वतःचा कप उचलला नाही, त्याला. आणि स्वयंपाकी? तो हात जोडून गयावया करतो. लेखिका सांगते की त्याला हे चांगलं जमतं, कारण गरीब माणसाने अशा वेळी कसं वागायचं याचा त्याला पिढ्यान्‌पिढ्यांचा सराव आहे.

नंतर पोलीस येतात. चोरी मालकाकडे झाली, पण झडती कुणाच्या खोपटाची? स्वयंपाक्याची. त्याच्या सामानात काय सापडतं? मुलाची पत्रं. अमेरिकेतून आलेली, जपून ठेवलेली. मुलाचं नाव बिजू.

इथून गोष्ट उडी मारते थेट न्यूयॉर्कला. बिजू टुरिस्ट व्हिसावर गेलेला आणि तिथेच राहिलेला, म्हणजे बेकायदेशीर. आज या हॉटेलच्या किचनमध्ये, उद्या त्या. कागद तपासायला कुणी येणार म्हटलं की नोकरी गेली. एका रेस्टॉरंटमध्ये वर फ्रेंच थाट आणि खाली तळघरातल्या किचनमध्ये मेक्सिकन, भारतीय, पाकिस्तानी पोरं. वरच्यांना खालचे दिसत नाहीत. राहायला हार्लेममधलं तळघर, सोबतीला उंदीर. शेवटी तो 'गांधी कॅफे' नावाच्या भारतीय हॉटेलात येतो. इथे तरी गोमांस रांधावं लागत नाही म्हणून त्याला बरं वाटतं. मालक आपलाच माणूस, हरीश-हॅरी. आपलाच माणूस पगार कमी देतो आणि पोरांना किचनमध्येच झोपवतो. एक दिवस बिजू घसरून पडतो, गुडघा जातो. डॉक्टर मागितला तर हॅरी उलट त्यालाच सुनावतो, मी तुला ठेवून घेतलं हेच उपकार समज.

आणि तिकडे कालिम्पाँगमध्ये बाप बाजारात सगळ्यांना सांगतोय की माझा मुलगा अमेरिकेत मॅनेजर आहे. लोक चिठ्ठ्या देतायत, आमच्याही पोराला बोलावून घे म्हणून. मुलगा पत्रात लिहितो की सगळं छान आहे. बाप उत्तर लिहितो की इकडे सगळं छान आहे. दोघंही खोटं लिहितात आणि दोघांचंही खोटं प्रेमापोटी आहे.

मंडळी, या पुस्तकातला एक प्रसंग मला तुमच्यासमोर ठेवायचाच आहे. कालिम्पाँगमध्ये दंगे चाललेत हे कानावर आल्यावर बिजू घाबरून फोन लावतो. १९८६ चा फोन. स्वयंपाक्याला धावत बोलावून आणतात, आजूबाजूला माणसं जमलेली. लाइन खरखरतेय. बाप ओरडतोय, मुलगा ओरडतोय. जेवलास का? तब्येत? ऊन आहे का, पाऊस आहे का? आणि लाइन तुटते. एवढ्या पैशांचा फोन आणि बोलणं काहीच नाही. त्यानंतर बिजूला आधीपेक्षा जास्त एकटं वाटतं.

आता तुम्ही म्हणाल, आता व्हिडिओ कॉल आहे, तो जमाना गेला. खरंय. पण तुमच्यातले कितीजण घर सोडून पुण्यात, बंगळुरूत, दुबईत किंवा जर्मनीत आहेत? रविवारी घरी कॉल लावला की स्क्रीनवर आई दिसते. "जेवलास का?" "हो." "काय जेवलास?" आणि पुढे काय बोलायचं ते दोघांनाही सुचत नाही. नेटवर्क फुल आहे, बॅटरी आहे, आणि तरीही लाइन तुटलेलीच. देसाईंनी हे पुस्तक लिहिलं तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं, पण दुखणं तेच आहे.

आता जजसाहेबांकडे वळू, कारण खरी गाठ तिथे आहे. जेमुभाई गुजरातमधल्या पिफित नावाच्या गावातले, गरीब घरातले, हुशार. लग्नाच्या हुंड्यातून बोटीचं तिकीट काढून १९३९ साली केंब्रिजला निघतात. आईने वाटेसाठी शिदोरी बांधून दिलेली असते. पुऱ्या, लोणचं, कांदा, मिरची. केबिनमधल्या दुसऱ्या प्रवाशाने नाक मुरडलं आणि जेमुभाईंना लाज वाटली. त्या शिदोरीची आणि ती बांधणाऱ्या आईची. शिदोरी समुद्रात गेली. इंग्लंडमध्ये खोली मिळेना. मिळाली तर शेजारी कुणी बोलेना. आपल्याला घाण वास येतो असं वाटून हा पोरगा पुन्हा पुन्हा अंग घासतो, तोंडाला पावडर लावतो. परत येतो तो आयसीएसचा साहेब होऊन. मग जे इंग्लंडने त्याच्याशी केलं, तेच तो घरी बायकोशी करतो. निमी तिचं नाव. तिला इंग्रजी येत नाही, काटा-चमचा धरता येत नाही, म्हणून मारहाण, म्हणून हाकलून देणं. तिचं पुढे काय होतं ते वाचा, मी सांगणार नाही. सांगवत नाही.

म्हणून या पुस्तकात 'वारसा' हा शब्द महत्त्वाचा आहे. आपण म्हणतो आजोबांनी जमीन ठेवली, घर ठेवलं. देसाई म्हणतात की अपमानसुद्धा वारशात मिळतो. एकाला झालेला अपमान तो गिळतो आणि मग खालच्याच्या ताटात वाढतो. इंग्लंडकडून जजकडे, जजकडून बायकोकडे, स्वयंपाक्याकडे. न्यूयॉर्कमध्ये हॅरीकडून बिजूकडे. साखळीच आहे ही.

आणि आता १९८६ चं आंदोलन. इथे जरा नीट ऐका, कारण बरेच वाचक हा भाग 'मागचं वातावरण' म्हणून सोडून देतात.

दार्जिलिंगचे डोंगर ब्रिटिशांनी १८३५ साली सिक्कीमच्या राजाकडून घेतले. १८५० नंतर चहाचे मळे उभे राहिले. त्या मळ्यांवर राबायला नेपाळमधून मोठ्या संख्येने माणसं आली. ब्रिटिश सैन्यातल्या गोरखा पलटणी वेगळ्याच. म्हणजे ही कुटुंबं तिथे चार-पाच पिढ्या आहेत. भाषा नेपाळी, देश भारत. पण १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री करारात दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे राहायची, काम करायची मुभा मिळाली आणि त्यातून एक विचित्र अडचण झाली. नेपाळी बोलणारा भारतीय आणि नेपाळचा नागरिक यांत लोकांना फरकच कळेना. १९८६ च्या सुरुवातीला मेघालयातून नेपाळी भाषकांना हुसकावलं गेलं, तेव्हा ही भीती आणखी वाढली. सुभाष घिसिंग यांच्या गोरखा नॅशनल लिबरेशन फ्रंटने वेगळ्या गोरखालँड राज्याची मागणी लावून धरली. २७ जुलै १९८६ ला कालिम्पाँगमध्ये त्या कराराच्या प्रती जाळायला मोर्चा निघाला, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. हा दिवस कादंबरीतही आहे. पुढे १९८८ मध्ये तडजोड झाली, दार्जिलिंग गोरखा हिल कौन्सिल मिळालं. राज्य मिळालं नाही. २०१७ मध्ये याच मागणीवरून त्या डोंगरात १०४ दिवसांचा बंद झाला. म्हणजे प्रश्न अजून जिवंत आहे.

कादंबरीत हे सगळं ग्यानमधून येतं. ग्यान हा सईचा गणिताचा मास्तर, नेपाळी भाषक, शिकलेला आणि बेकार. दोघांचं प्रेम जमतं. मग तो मोर्चात जातो आणि त्याला अचानक या मोठ्या बंगल्याचा, नाताळ साजरा करणाऱ्या मुलीचा राग येतो. घरात बंदुका आहेत ही माहिती त्याच्याकडूनच बाहेर गेलेली. सई त्याच्या घरी जाते तेव्हा त्याची गरिबी पहिल्यांदा तिच्या डोळ्यांसमोर येते, आणि तिच्या तोंडून जे निघतं त्यात तिच्या आजोबांचाच आवाज ऐकू येतो. बघा, वारसा.

आता आपल्याकडे येतो. दोन मुद्दे आहेत.

पहिला. आपल्या सोसायटीच्या गेटवरच्या माणसाला आपण काय म्हणतो? 'बहादूर'. किंवा 'गुरखा'. त्याचं नाव काहीही असो. तो नेपाळचा असो, दार्जिलिंगचा असो, आसामचा असो. आपण विचारतसुद्धा नाही. कादंबरीतल्या स्वयंपाक्याला कुणी नावाने हाक मारत नाही याचं आपल्याला वाईट वाटतं. मग गेटवरच्याला? ज्याचे आजोबा-पणजोबा इथल्या सैन्यात लढले, त्याला जर प्रत्येक शहरात कुणीतरी "नेपाळला कधी जाणार?" असं विचारत असेल, तर ग्यानचा राग कुठून येतो ते वेगळं समजवावं लागत नाही.

दुसरा मुद्दा जरा अवघड आहे. भाषेसाठी राज्य मागणं आपल्याला परकं नाही. संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन झालं, माणसं गोळीबारात गेली, म्हणून १ मे १९६० उजाडला. मुंबईत हुतात्मा चौकातून जाताना आपली मान ताठ होते. मग दुसरं कुणी आपल्या भाषेचं राज्य मागतं तेव्हा आपण त्याला लगेच 'फुटीर' का म्हणतो? मी असं म्हणत नाही की दोन्ही गोष्टी सारख्याच आहेत. नाहीयेत. डोंगरात लेपचा आहेत, भुतिया आहेत, बंगाली आहेत, सगळ्यांचं म्हणणं वेगळं आहे. पण ऐकून तरी घ्यावं, एवढं आपल्या इतिहासाने आपल्याला शिकवायला हवं.

आणि इथेच या पुस्तकाशी माझं भांडण आहे. २००६ मध्ये बुकर मिळाल्यावर कालिम्पाँगमधून नाराजी उमटल्याच्या बातम्या आल्या होत्या. तिथल्या काही लोकांचं म्हणणं होतं की पुस्तकात नेपाळी माणसं एक तर चोर आहेत, नाहीतर गर्दी. मला वाटतं या तक्रारीत तथ्य आहे. लेखिका बहुतेक वेळ 'चो ओयू'च्या आणि शेजारच्या इंग्रजाळलेल्या बहिणींच्या खिडकीतूनच बघते. त्या बहिणींची, लोला आणि नोनीची ती मस्त खिल्ली उडवते. त्यांचे चहाचे कप, बीबीसीत असलेली मुलगी, सगळं. पण खिल्ली उडवतानाही कॅमेरा त्यांच्याच दिवाणखान्यात असतो. ग्यान सोडला तर आंदोलनातल्या कुणाच्या घरात आपण फार वेळ बसत नाही. बिजूच्या मनात लेखिका जितकी आत शिरली, तितकी त्या बंदुकवाल्या पोरांच्या मनात शिरली असती तर हे पुस्तक आणखी मोठं झालं असतं.

मग वाचायचं कशाला? कारण हा दोष असूनही पुस्तक खोटं बोलत नाही. बंदूकचोरीच्या संशयावरून पोलीस एका दारुड्या गरीब माणसाला पकडून त्याचे हाल करतात. त्याच्या घरची माणसं जजच्या दारात मदत मागायला येतात. न्यायाधीशाच्या दारात न्याय मागायला! आणि जज त्यांना हाकलतो. पुढे तेच घर जजची कुत्री पळवतं. तेव्हा हा माणूस, जो बायकोसाठी कधी रडला नाही, तो कुत्रीसाठी रानोमाळ रडत फिरतो. त्याचा राग येतो आणि त्याची कीवही येते. दोन्ही एकदम. चांगली कादंबरी हेच करते, तुम्हाला कुणा एकाच्या बाजूने आरामात बसू देत नाही.

वाचणार असाल तर थोड्या टिपा. इंग्रजी जरा जड आहे, विनोद वाक्यांच्या आत लपलेला आहे, घाई करू नका. गोष्ट सरळ चालत नाही. एक तुकडा कालिम्पाँग, एक न्यूयॉर्क, एक १९३९. पहिली ५० पानं गोंधळ होईल, होऊ द्या. कंटाळा आला तर बिजूचे तुकडे आधी वाचा, हरकत नाही. आणि जवळ नकाशा उघडून ठेवा. सिलीगुडी, तिस्ता, कालिम्पाँग बोटाने शोधा. मग पुढच्या वेळी टूरवर गेलात तर नुसता मोमोचा फोटो काढून परत येणार नाही.

आता शेवट. बिजू परत येतो. साठवलेले डॉलर आणि बापासाठी घेतलेल्या वस्तू घेऊन. सिलीगुडीपासून रस्ते बंद, म्हणून आंदोलनवाल्या माणसांच्या जीपमधून निघतो. वाटेत तीच माणसं त्याचं सगळं काढून घेतात. बॅगा, पैसे, बूट, अंगावरचे कपडेसुद्धा. अमेरिकेहून आलेला मुलगा एका बाईचा गाऊन अंगावर घालून, लंगडत, अंधारात डोंगर चढतो. इकडे त्याच रात्री जज आपल्या स्वयंपाक्याला चपलेने मारतोय. आणि सकाळी फाटक वाजतं.

बाप बघतो. मुलगा बघतो. मागे ढग हटलेत, कांचनजंगाची पाच शिखरं उन्हात सोन्यासारखी दिसतायत. पुस्तक तिथेच संपतं.

काही जण म्हणतात, हा फार गोड शेवट झाला. मला तसं वाटत नाही. विचार करा, उद्या काय होणार? मुलाकडे दमडी नाही, गुडघा गेलेला, गावात कर्फ्यू. बापाच्या पाठीवर वळ. ज्या खोट्यावर दोघं इतकी वर्षं जगले, ते त्या गाऊनमुळे एका नजरेत उघडं पडलंय. आता "मॅनेजर आहे" म्हणता येणार नाही, "सगळं छान आहे" म्हणता येणार नाही. पण पहिल्यांदाच दोघांना एकमेकांशी खरं बोलता येईल, आणि मधे लाइनही नाही तुटायला. पुस्तकभर सगळ्यांनी काहीतरी गमावलंय. या दोघांनी सगळंच गमावलं, आणि फक्त त्यांनाच काहीतरी परत मिळालं.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. पुस्तक वाचलंत तर ग्यान बरोबर की सई, यावर मला नक्की कळवा. तुमच्यात भांडणं लागली तर उत्तमच. आणि खाली जाताना गेटवरच्या दादांना त्यांचं नाव विचारा. पुस्तक न वाचता करता येण्यासारखं एवढं तरी आहेच. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!